गोळ्या सोडून टेकडीवर गेले, त्याची गोष्ट

२०२२ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, मी नैराश्यावरच्या गोळ्यांची पट्टी औषधांच्या डब्यातून काढून कपाटात साड्यांच्या घड्यांखाली सरकवली आणि घरात कुणाला न सांगता त्या घेणं बंद केलं. फेकून द्यायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला बूट चढवले आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीची वाट धरली. औषध नको, टेकडी पुरे, असं मनाशी पक्कं केलं होतं. त्या निर्णयानं पुढची दोन वर्षं मला कुठे कुठे नेलं ते लिहायला आज बसले आहे. टेकडीवर ओळखीच्या झालेल्या निदान चार जणींनी मला बाजूला घेऊन, हळू आवाजात एकच प्रश्न विचारला आहे, "गोळ्यांशिवाय नुसत्या टेकडीनं जमतं का हो?" दर वेळी उत्तर अर्धवट राहतं, कारण तेवढ्यात मागून कुणीतरी येतं.

थोडं आधीपासून सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, बाबा गेले. शेवटचे नऊ दिवस त्यांना पाहता आलं नाही. नंतर आईला सांभाळणं, दाखले, विम्याचे कागद, बाबांच्या खात्यांवर वारसाचं नाव लावणं, यात अख्खा पावसाळा गेला. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. कागदांची सवय आहे. त्यामुळे सगळे म्हणायचे, किती खंबीर आहे ही. गणपती झाले आणि माझी झोप उडाली. अकराला डोळा लागायचा, साडेतीनला टक्क जाग यायची. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं आणि डोक्यात तेच तेच फिरत राहायचं, दोन दिवस आधी न्यायला हवं होतं, दुसरीकडे न्यायला हवं होतं, फोनवर ते काय म्हणत होते ते मी नीट ऐकलं नाही.

दिवाळीत चकलीची भाजणी करायला घेतली. कढईत डाळ करपायला लागली तरी हात हलवावासा वाटेना. गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसले. लेक क्लासहून सात वाजता आली तेव्हा मी तिथेच होते, घरात दिवाही लावला नव्हता. तिनं काही विचारलं नाही. शेजारी बसली आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला.

घरच्या डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घेतलं. बी-१२ थोडं कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही. मग त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टरबाईंनी पाऊण तास ऐकून घेतलं, गेल्या दोन आठवड्यांबद्दलच्या नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला आणि स्वच्छ सांगितलं, "हे दुःख तर आहेच, पण आता नैराश्याचा आजारही आहे. दोन्हींकडे पाहू या." एसिटॅलोप्रॅमच्या गोळ्या सुरू झाल्या, आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही, हे त्यांनी बजावलं होतं. पहिले दहा दिवस मळमळ आणि सारख्या जांभया. पाचव्या आठवड्यात पहाटेची जाग साडेतीनवरून पाचवर गेली. आज मागे पाहताना कळतं की ती सुधारणा होती. तेव्हा मला एवढंच जाणवत होतं की रडूही येत नाही आणि हसूही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. नवऱ्याच्या मावशींनी स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, मनाच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. चांगली धडधाकट आहेस. सकाळी फिरायला जा, मोकळ्या हवेत जा." मावशी प्रेमानंच बोलल्या. त्याच आठवड्यात भाच्यानं जपानी शिनरिन-योकूवरचा लेख पाठवला. जंगलात जाऊन श्वास घ्यायचा, पाहायचं, ऐकायचं, हे अरण्यस्नान. १९८२ मध्ये तिथल्या वनखात्यानं हा शब्द रूढ केला. लेखात शेवटी होतं की आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत चांगली असते. मला आकडा मिळाला. कर्ज विभागातल्या बाईला आकडा मिळाला की रस्ता मिळाल्यासारखं वाटतं. मी एक डायरी घेतली आणि रोजची मिनिटं लिहायला लागले.

तिसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. चालताना जमीन किंचित सरकल्यासारखी. विचित्र, लांबलचक स्वप्नं. लेकीवर उगाच ओरडणं. मी समजले, अंगातलं औषध बाहेर पडतंय, पडू दे. हे औषध एकदम बंद केल्याचे परिणाम आहेत आणि म्हणूनच ते टप्प्याटप्प्यानं कमी करायचं असतं, हे मला सहज कळलं असतं. एक फोन करायचा होता. केला नाही. बारा-तेरा दिवसांनी झटके थांबले आणि मला वाटलं, जिंकले.

आता टेकडीबद्दल, कारण टेकडीनं जे दिलं ते खोटं नव्हतं.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. आम्ही पौड रस्त्याच्या बाजूला राहतो. वस्ती संपते, पायवाट चढायला लागते आणि दहा मिनिटांत हॉर्न पुसट होतात. वर वेताळाचं देऊळ आहे, पलीकडे जुनी दगडाची खाण आहे, तिच्यात पाणी साठतं. जानेवारीत गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि कुसळं सलवारला अशी चिकटतात की घरी आल्यावर अर्धा तास ती काढण्यात जातो. पहिल्या आठवड्यात मी देवळापर्यंतही पोचत नव्हते. मधल्या सपाटीवर एका दगडावर बसायची. समोर शेपटी थरथरवत एक काळसर, पोटाशी विटकरी पक्षी दगडादगडावर उतरायचा. पुढे कळलं की तो थिरथिरा, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा पाहुणा. तो इतका आपल्याच कामात असायचा की त्याच्याकडे पाहताना माझा विचारांचा धागा तुटायचा. दोन मिनिटं, कधी तीन. पहाटेपासून चाललेलं चक्र पहिल्यांदा कुणीतरी थांबवलं होतं.

सकाळचा उजेड डोळ्यांवर पडत होता, पाय दमत होते, त्यामुळे रात्री भूक लागायची. झोपही थोडी सुधारली. फेब्रुवारीत गिरिपुष्पाला बहर आला. टेकडीवर त्याची दाट लागवड आहे. पानं झडून फांद्या गुलाबी फुलांनी भरतात. मी हरखून फोटो काढत उभी असताना सत्तरी ओलांडलेले एक काका दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन वर आले. "सुंदर दिसतंय खरं," ते म्हणाले, "पण हे मध्य अमेरिकेतलं झाड, ताई. आपल्याकडे याला उंदीरमारी म्हणतात. याच्या दाटीत इथली झाडं मागे पडतात." मग त्यांनी मला इथली झाडं दाखवली. कागदासारखी साल सुटणारी साळई. पांगारा. पिवळ्याधमक फुलांची गणेर. आणि एका आळ्यात उभी केलेली, हातभर उंचीची, एकही पान नसलेली काठी.

"ही मोई."

"वाळलीये," मी म्हणाले.

त्यांनी अंगठ्याच्या नखानं साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं.

काका आणि त्यांच्यासारखे कितीतरी जण उन्हाळाभर पाच-पाच लिटरचे कॅन घरून भरून टेकडीवर नेतात आणि रोपं जगवतात. पुण्यातल्या टेकड्यांवर हे वर्षानुवर्षं चालू आहे. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पगार देत नाही. त्यांनी मोई माझ्याकडे सोपवली. एक दिवसाआड पाच लिटर. आळ्यात वाळलेल्या पानांचा थर द्यायचा, पाणी बुंध्यावर ओतायचं नाही, कडेनं जिरवायचं. मी पहिले काही दिवस दर वेळी नखानं साल खरवडून बघायची. काका रागावले. "रोज नख लावू नका. जखमा होतायत झाडाला."

पाच लिटर म्हणजे पाच किलो. चढावर बोटं कापायला लागतात, खांदा बदलावा लागतो, पाय जपून टाकावा लागतो. त्या चढाच्या वेळात माझ्या डोक्यात बाबांचं काहीही यायचं नाही. त्याआधी मी टेकडीवर जायची ती बरी होण्यासाठी, आणि सगळा वेळ मनाची नाडी धरून बसायची की आता बरं वाटतंय का, काल वाटलं तितकं वाटतंय का. मोईला पाणी न्यायला लागल्यापासून तो तपास थांबला. एप्रिलमध्ये डांबर वितळेल असं ऊन पडायला लागलं तशी मी साडेपाचलाच निघायची. मेच्या शेवटी एका सकाळी झाडीतून स्वच्छ दोन सुरांची शीळ आली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. नवरंग. पावसाच्या तोंडावर येतो, विणीसाठी. पाचोळ्यात टुणटुण उड्या मारणारा तो पक्षी मी चार-पाच सेकंद पाहिला आणि घरी येऊन नवऱ्याला आणि लेकीला सांगताना माझा आवाज चढला. लेक म्हणाली, "आई, किती दिवसांनी अशी बोललीस."

त्या काळात मी सगळ्यांना सांगत सुटले की बघा, गोळीशिवाय बरी झाले. ऑफिसमधली एक मैत्रीण तीन वर्षं औषधं घेत होती. तिलाही मी जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, सोडून दे, टेकडीवर चल. तिनं आपल्या डॉक्टरांना विचारलं आणि औषध चालू ठेवलं. तिनं माझं ऐकलं नाही याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे. या सगळ्या गोष्टीत मला सर्वात जास्त टोचतं ते हेच.

जून संपता संपता पाऊस लागला. मोईला पालवी फुटली, हिरवीगार. काका म्हणाले, "आता चार महिने पाणी नको. ती आणि पाऊस बघून घेतील." पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काय झालं ते मला तेव्हा समजलं नाही. पायवाट निसरडी झाली, माणसं कमी झाली, नेण्यासारखं हातात काही उरलं नाही. जुलै २०२२ चा पाऊस पुण्यात दिवसचे दिवस थांबला नव्हता. पहाटेची जाग पाचवरून चारवर आली, मग साडेतीनवर. बाबांचा फोनवरचा तो आवाज परत आला.

मी डायरी उघडली आणि मिनिटं वाढवली. १२० पुरत नसतील तर २००. २०० पुरत नसतील तर ४००. रेनकोट घालून, घसरत, रोज. गोळी वाढवावी तशी टेकडी वाढवली. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळी, पाऊस थांबून ऊन पडलं होतं, वाटेवर वीसेक फुटांवर मोर उभा होता. पूर्ण वाढलेला, ओला, पिसारा जमिनीवर टेकलेला. मागे हिरवी टेकडी, वर धुतलेलं आकाश. मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला काहीच वाटलं नाही. भिंतीकडे पाहावं तसं. त्या क्षणी डोक्यात आलं की आता यानंही होत नसेल तर माझ्यासाठी कुठेच काही नाही, आणि मी नसले तरी चालेल.

हा विचार मनात आला तेव्हा मी घाबरले. घाबरले हे माझं नशीब. देवळापाशी दोन माणसं आरतीची तयारी करत होती, त्यांच्याजवळ जाऊन बसले, एकटी राहिले नाही. नवऱ्याला फोन लावला. "मला न्यायला ये," एवढंच म्हणाले. तो ऑफिसच्या कपड्यांत, चपला घालून चिखलातून वर आला. मी त्याला पट्टीबद्दल सांगितलं, साड्यांखालच्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सात महिने तू हे एकटीनं सांभाळलंस." त्याच दुपारी आम्ही डॉक्टरबाईंकडे होतो. (अशा वेळी डॉक्टर हाताशी नसेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. मला तेव्हा माहीत नव्हता. तुम्ही फोनमध्ये साठवून ठेवा, स्वतःसाठी नाही तर दुसऱ्या कुणासाठी.)

मला वाटलं होतं, बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. आधी मला मरणाबद्दलचे प्रश्न विचारले, सरळ, न कचरता, नवऱ्यासमोर आणि मग एकटीला. मरण हा शब्द असा टेबलावर ठेवल्यावर मला उलट हलकं वाटलं. पुढचे काही दिवस घरात कुणीतरी सोबत राहायचं ठरलं. गोळी पुन्हा ५ पासून सुरू झाली. मग मी डायरी काढून दाखवली. त्यांनी पानं चाळली आणि विचारलं, "हा १२० चा आकडा कुठून घेतलात?"

त्यांनी मला तो अभ्यास समजावून सांगितला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. इंग्लंडमधल्या साधारण वीस हजार लोकांना विचारलं होतं की गेल्या सात दिवसांत निसर्गात किती वेळ घालवलात आणि तब्येत, समाधान कसं आहे. १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ घालवणाऱ्यांमध्ये बरं आहे म्हणणारे जास्त होते. "पण यात दोन गोष्टी आहेत," त्या म्हणाल्या. "एक, बरं वाटणारी माणसंच जास्त बाहेर पडतात, हेही असू शकतं. दोन, दोनशे-तीनशे मिनिटांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तुम्ही चारशेवर गेलात. आणि हा सर्वसाधारण लोकांचा अभ्यास आहे. तीव्र नैराश्यातल्या माणसानं औषधाऐवजी काय करावं, हे त्यात विचारलेलंच नाही."

मी म्हटलं, पण हॉस्पिटलच्या खिडकीतून झाडं दिसली तर पेशंट लवकर बरे होतात, असंही वाचलंय. त्या म्हणाल्या, हो, अमेरिकेतला अभ्यास, १९८४ चा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले पेशंट. तेवीस जणांना खिडकीतून झाडं दिसत होती, तेवीस जणांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले, त्यांना दुखण्यावरची जोरकस औषधं कमी लागली. "पण शस्त्रक्रिया दोन्हींकडच्यांची झाली होती."

हे वाक्य मी घरी जाताना रिक्षात कितीतरी वेळा मनात म्हटलं.

त्यांनी टेकडी सोडू नका असंही सांगितलं, हे मुद्दाम लिहिते, कारण पुष्कळ जणींना वाटतं की डॉक्टरकडे गेलं की असल्या गोष्टींना हसतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोकांना दीड तास चालायला लावलं होतं, काहींना झाडांमधून आणि काहींना रहदारीच्या रस्त्यानं. झाडांमधून चाललेल्यांचं तेच तेच उगाळणं कमी झालं, मेंदूतल्या त्यासंबंधीच्या एका भागाची हालचालही कमी दिसली. इंग्रजीत या उगाळण्याला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ रवंथ. "तुमचं साडेतीनचं जे चालतं ते रवंथ," बाई म्हणाल्या. "गाय पचवण्यासाठी करते. तुमचं पचत नाहीये, नुसतं वर येतंय. थिरथिऱ्यानं ते तोडलं ते खरंच. पण आजार खोल गेला की पक्ष्याकडे लक्ष जायलाही जी शक्ती लागते तीच उरत नाही. ती आधी परत आणू या." आणि डायरीत मिनिटं लिहिणं बंद करा, म्हणाल्या. मला काका आठवले. रोज नख लावू नका.

त्यांच्याच दवाखान्यात एक समुपदेशक होत्या. त्यांच्याकडे मी दर आठवड्याला जायला लागले. त्यांची पद्धत साधी होती. बरं वाटलं की करीन असं म्हणायचं नाही, ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायचं, मग मन मागून येतं. पहिल्या आठवड्यात माझं काम होतं आंघोळ नऊच्या आत आणि गॅलरीतल्या तुळशीला पाणी. टेकडी यादीत नव्हतीच. दुसऱ्या पंधरवड्यात फक्त टेकडीच्या पायथ्यापर्यंत, नवऱ्याबरोबर. आणि बाबांबद्दल बोलणं, जे मी दीड वर्षात कुणाशी केलं नव्हतं. त्या नऊ दिवसांबद्दल मी तिथे पहिल्यांदा रडले, आवाज करून.

या वेळी औषधानं काय केलं ते मी लक्ष देऊन पाहिलं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास पहाटेची जाग गेली. साडेपाचपर्यंत सलग झोप. छातीवरचा पाटा एका दिवसात उचलला गेला नाही, पण एका सकाळी लक्षात आलं की तो कालही नव्हता. आनंद गोळीनं दिला नाही, देतही नाही. वर जायला पाय उचलता यावेत एवढं तिनं केलं.

सप्टेंबरच्या शेवटी मी देवळापर्यंत गेले. पठारावर सोनकी फुलली होती, कडेला तेरडा. मोई कमरेपर्यंत आली होती. मी तिच्याजवळ बसले. ओल्या गवताचा वास येत होता, आणि तो मला येत होता, हे जाणवून मी तशीच बसून राहिले. काका खालून आले. त्यांनी कुठे होतात असं विचारलं नाही. "शेंडा किडीनं खाल्ला होता, पण बाजूनं फुटली बघा," म्हणाले. मी त्यांना सगळं सांगितलं, गोळ्यांपासून मोरापर्यंत. ऐकून घेऊन ते म्हणाले की बायको गेल्यावर त्यांनीही वर्षभर औषध घेतलं होतं. कॅन घेऊन चढणाऱ्या त्या माणसाकडे पाहून मला इतके महिने वाटत होतं, यांना टेकडीनंच तारलं.

पुढचं थोडक्यात. १० मिलिग्रॅमवर मी पूर्ण बरी झाल्यानंतरही बारा महिने राहिले, कारण एकदा उलटलेला आजार घाईनं सोडला तर पुन्हा उलटतो. मग डॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली कमी करत आणलं. १० वरून ७.५, मग ५, मग २.५, प्रत्येक टप्प्यावर सहा-आठ आठवडे थांबून. झटके असे आलेच नाहीत, एकदा दोन दिवस हलकं गरगरलं तेवढंच. २०२४ च्या मार्चमध्ये शेवटची गोळी घेतली. मावशींना मी घरी बोलावून सांगितलं, सुटल्या बरं का. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, मला कळलं असतं तर बोलले नसते गं.

मधल्या काळात, २०२३ च्या एप्रिलमध्ये, बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी टेकडी फोडायला नको म्हणून पुणेकर मोठ्या संख्येनं जमले, त्यात मी होते. लेक होती. घोषणा द्यायला मला आवाज फुटत नाही, पण त्या दिवशी फुटला. बागा आहेतच की, असं लोक म्हणतात. बागेला उघडायची-बंद व्हायची वेळ असते, कुठे तिकीट असतं, पाटी असते. पहाटे चारला उठून बसलेल्या माणसाला उजाडता उजाडता फुकट, कुणाची परवानगी न घेता, चालत जाता येईल अशी जागा शहरात किती उरली आहे? माझ्या दवाखान्याची फी मला परवडली. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडूनही टेकडी काही घेत नाही. दोन्ही हवं, दवाखानाही आणि टेकडीही, आणि दोन्ही माणसाच्या पायाच्या अंतरावर हवं.

आम्ही घरात एक करार केला आहे. आठवड्यात तीन वेळा चारच्या आत जाग आली तर मी नवऱ्याला सांगायचं आणि डॉक्टरबाईंना फोन करायचा, टेकडीवर जाऊन बघू असं म्हणायचं नाही. २०२४ च्या जुलैत दोन रात्री तशी जाग आली. मी तिसरीची वाट न बघता सांगितलं. फोनवर बोलणं झालं, समुपदेशकांकडे चार वेळा जाऊन आले, औषध लागलं नाही. लागलं असतं तर घेतलं असतं. आता पावसाळ्यासाठी मुद्दाम काम ठेवते. जून ते सप्टेंबर लेक आणि मी शनिवारी वाटेवरचा प्लास्टिकचा कचरा गोळा करतो, आणि काकांनी दिलेल्या बिया पिशव्यांत रुजवून गॅलरीत वाढवतो.

मोई आता माझ्यापेक्षा उंच आहे. तिला पाणी लागत नाही. काकांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांचा एक कॅन मी नेते, एक लेक नेते. या फेब्रुवारीपासून आमच्याकडे सहा रोपं आहेत, दोन साळई, दोन पांगारे, एक गणेर आणि एक मोई. मोई पुन्हा बिनपानाची काठी आहे. लेकीनं तिला नख लावायला हात पुढे केला तेव्हा मी तो धरला.